खेळ की दुरुस्ती?

रात्रीचा एक वाजलेला, सारं घर झोपलेलं आणि आतल्या खोलीच्या दाराखालून उजेडाची रेघ येतेय, असं तुमच्या घरी होतं का हो? आमच्याकडे गेल्या वर्षीचा सारा पावसाळा हे चाललं होतं. ह्यांची एमआयडीसीतल्या कारखान्यात रात्रपाळी, सासूबाई नऊलाच अंथरुणाला पाठ टेकणाऱ्या. उजेड असायचा तो भाच्याच्या खोलीत. हळूच डोकावून पाहावं, तर लॅपटॉपच्या पडद्यावर रंगीत पत्ते मांडलेले आणि हा त्यात डोकं घालून बसलेला. म्हणजे खेळच की नाही?

हा भाचा म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचा मुलगा. वन्सं चिपळूणला असतात. मुलाला इकडे इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा "वसतिगृहापेक्षा मामाचं घर बरं," असं ठरलं आणि तो आमच्या मोरिवलीच्या घरी राहायला आला. दुसऱ्याचं मूल सांभाळणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. पोटच्या पोराला चार शब्द सुनावून आपण मोकळ्या होतो. नणंदेच्या मुलाला एक शब्द बोलायचा, तर आधी दहादा विचार करावा लागतो. आणि न बोलावं, तर उद्या काही बिघडल्यावर बोल आपल्यालाच!

पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि त्याचा एक विषय राहिला. वन्संचा फोन आला. "अगं, तुझ्या भरवशावर ठेवलाय ना तिकडे? तू बघतेस ना?" माझ्या मनात साचलेलं सगळं बाहेर पडलं. म्हटलं, "वन्सं, काय सांगू, तो रात्र रात्र गेम खेळतो." पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग हुंदका ऐकू आला.

त्याच रात्री साडेदहाला मी वाय-फायचं बटण बंद केलं. दोन मिनिटांत हा बाहेर. "मामी, पाचच मिनिटं चालू कर ना. ते लोक वाट बघतायत."

"कोण लोक?" माझ्या काळजात धस्स झालं. ऑनलाइन जुगाराच्या बातम्या आपण वाचतोच.

"माझं काम तपासणारे," तो म्हणाला.

मी बटण चालू केलं, पण एका अटीवर. म्हटलं, मी शेजारी खुर्ची घेऊन बसणार, आणि तू काय करतोस ते मला समजेल अशा भाषेत सांगायचं. त्या रात्री मी तासभर बसले. तो तास मी आधीच्या दोन महिन्यांत कधीही काढू शकले असते, ही खंत मला अजून आहे. म्हणून तर हा लेख लिहायला घेतला.

खेळ होता जोड्या जुळवण्याचा. आपण लहानपणी पत्ते उपडे मांडून खेळायचो ना, तोच. एक पत्ता उलटायचा, मग दुसरा. चित्रं जुळली तर जोडी आपली, नाहीतर पाळी पुढच्याची. फरक एवढाच, की इथे खेळणारे वेगवेगळ्या घरांत, कदाचित वेगवेगळ्या देशांत, आपापल्या संगणकावर बसलेले. हा खेळ कुणा कंपनीच्या मालकीचा नाही. त्याची आज्ञावली, म्हणजे संगणकाला दिलेल्या लेखी सूचना, सगळ्यांना वाचायला खुली असते. कुणीही ती घ्यावी, बदलावी, सुधारलेली परत द्यावी. याला मुक्त स्रोत म्हणतात. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अशा मोकळ्या सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली आणि आज जगभर लाखो माणसं त्यात आपला वेळ घालतात. डेन्मार्कमधल्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५ साली लिहायला घेतलेला 'फ्रीसिव्ह' नावाचा अनेकांनी मिळून खेळायचा खेळ तर तीस वर्षांनंतरही नांदतो आहे. लिहिणारे बदलत गेले, खेळ टिकला.

तर आमचा भाचा पत्ते खेळत नव्हता. तो ती आज्ञावली दुरुस्त करत होता. या सूचनांना ही मुलं 'कोड' म्हणतात. यावरून आमच्याकडे गंमतच झाली. "आजी, मी कोड सुधारतोय," असं त्याने सांगितलं, तर सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या होऊन मला विचारायला आल्या, "अगं, कोड कुणाला उठलंय? डॉक्टरांना दाखवलंत का?"

आता बिघाड काय होता, ते सांगते. दोन घरांत दोन संगणक. पडद्यावरचे पत्ते दोघींना सारखे दिसतात, पण खरं तर प्रत्येक संगणकाकडे पत्त्यांचं आपलं आपलं चित्र असतं. तुम्ही सातवा पत्ता उलटलात, की तुमचा संगणक दुसऱ्याला निरोप धाडतो, "सातवा उलटला." तो निरोप पोचला, की तिकडचं चित्र बदलतं. निरोप वाटेत रेंगाळला, तर दोघींची चित्रं वेगळी. दोघींनी एकाच क्षणी तोच पत्ता उलटला, तर पहिली कोण? खेळ अर्ध्यावर असताना तिसरी आली, तर आधी उघडलेल्या जोड्या तिला कोण सांगणार? पाळी असतानाच एखादीची वीज गेली, तर बाकीच्या वाट बघत बसणार का? पत्त्यांची चित्रं काढणं सोपं. खेळाडू एकमेकींशी आणि पत्त्यांशी जी देवघेव करतात, ती सांभाळणं हेच अशा खेळांतलं अवघड काम.

त्या खेळात "पाळी कुणाची?" ही तपासणी चार ठिकाणी लिहिलेली होती. माऊसने पत्ता उलटला तर एक, कळफलकाने उलटला तर दुसरी, पडद्याला बोट लावून उलटला तर तिसरी आणि दुसऱ्या संगणकाकडून निरोप आला तर चौथी. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या माणसांनी भर घातली की असं होतं. मग कुणीतरी नियमात सुधारणा केली, पण ती तीनच ठिकाणी झाली. बोटाची जागा राहून गेली. परिणाम असा, की मोबाइलसारख्या स्पर्शाच्या पडद्यावर खेळणाऱ्या मुलाला आपली पाळी नसतानाही पत्ता उलटता येई. समोरचं मूल रडकुंडीला येई, आणि चूक मात्र दोघांपैकी कुणाचीच नसे.

हे ऐकताना मला आमच्या जुन्या एकत्र घरातलं दूध आठवलं. दूधवाल्याला उद्या किती लिटर, हे सासूबाई सांगायच्या, जाऊबाई सांगायच्या आणि मीही सांगायचे. पाहुणे येणार म्हणून प्रत्येकीने एकेक लिटर वाढवलं आणि एका सकाळी दारात तीन लिटर जास्त दूध! त्या दिवसाचं निभावायला खरवडून खरवडून पातेली काढली, बासुंदी केली. पण पुढे काय केलं? दाराजवळ एक वही टांगली. दुधाचं ज्याला जे सांगायचं ते वहीत लिहायचं, आणि दूधवाल्याने फक्त वही बघायची.

भाचा एकदम म्हणाला, "मामी, हेच! बासुंदी केलीत ती त्या दिवसाची दुरुस्ती, आणि वही टांगलीत ते रिफॅक्टरिंग."

रिफॅक्टरिंग हा शब्द त्याच्याकडूनच मी पहिल्यांदा ऐकला. आज्ञावली बाहेरून जशी चालते तशीच चालू ठेवायची, पण आतली मांडणी नीट लावायची, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात विल्यम ओपडाइक यांनी १९९२ साली याच विषयावर प्रबंध लिहिला आणि १९९९ साली मार्टिन फाउलर यांचं पुस्तक आल्यावर हा शब्द संगणकवाल्यांच्या तोंडी बसला. बोटाच्या जागी राहिलेली एक ओळ घातली असती, तर बिघाड त्या दिवसापुरता गेला असता. पण पुढच्या वेळी नियम बदलला, की पुन्हा चारांतली एखादी जागा राहणारच. म्हणून चारही तपासण्या उचलून एका जागी आणायच्या आणि सगळ्यांनी तिथेच विचारायचं, हे खरं काम. शिवाय पंचाचं काम करणाऱ्या संगणकाने ती तपासणी स्वतः करायची. "माझीच पाळी आहे," असं खेळाडूचा संगणक म्हणतो, म्हणून त्यावर विसंबायचं नाही.

हे काही त्या एका खेळाचं दुखणं नाही. आपल्या कर्जत लाइनवरचीच गोष्ट सांगते. बदलापूर, वांगणी, नेरळ मागे टाकत गाडी कर्जतला जाते. त्या कर्जतच्या परिसरात एका धनगरवाड्यावरच्या छोट्या प्राथमिक शाळेत २००७ साली मुलांना हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले होते. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला तो सुरुवातीचा प्रयोग. सशासारखे दोन कान वर आलेले ते यंत्र होतं. कान म्हणजे त्याच्या अँटेना. इंटरनेट नसलं, तरी वर्गातली यंत्रं एकमेकांशी बोलू शकत. त्यांत 'शुगर' नावाची मुक्त प्रणाली होती आणि जोड्या जुळवण्याचा खेळही होता, तोही मित्राबरोबर, दोन यंत्रांवर खेळता येणारा. मला सगळ्यात आवडलं ते असं, की दोन कळा एकत्र दाबल्या तर चालू असलेल्या खेळाची आज्ञावली मुलाला वाचता यावी, अशी त्यात सोय ठेवली होती. खेळणं उघडून आत काय आहे ते बघायचं, आणि कुणी रागवायचं नाही!

पुढे २००८ साली वॉल्टर बेंडर यांनी 'शुगर लॅब्ज' ही संस्था काढली आणि तिने ही प्रणाली सांभाळली. तिथेही तोच प्रश्न आला. दोघांनी मिळून खेळायचं म्हणजे निरोपांची देवघेव आली, आणि ती प्रत्येक खेळात स्वतंत्रपणे, बरीचशी एकमेकांवरून उतरवून लिहिलेली. २०१५ च्या सुमारास तिथल्या मंडळींनी हे काम एका ठिकाणी बांधून ठेवलं आणि त्याला 'कोलॅबरॅपर' असं नाव दिलं. कोण आलं, कोण गेलं, निरोप कसा धाडायचा, उशिरा आलेल्याला आतापर्यंतचा डाव कसा द्यायचा, हे सगळं त्यात. मग एकेक खेळ जुनी गुंतागुंत सोडून या सामाईक वाटेवर आणला गेला. खेळणाऱ्या मुलांना त्यातलं काही दिसलं नसेल. त्यांचा डाव अडला नाही, एवढंच.

आता परत आमच्या घरी येते. त्या रात्री भाच्याने काम पाठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते, तर हा न जेवता खिडकीपाशी बसलेला. तपासणाऱ्यांनी आठ शेरे मारले होते. मी अर्धवेळ का होईना शिक्षिका आहे, लाल शाई मला नवी नाही. म्हटलं, "वाचून दाखव."

मुख्य शेरा असा होता, की तुम्ही दोन कामं एकत्र केलीत. मांडणीही बदलली आणि चूकही दुरुस्त केली. एवढा मोठा बदल आम्ही तपासणार कसा? आधी फक्त मांडणी बदला. खेळ अगदी पूर्वीसारखा चालला पाहिजे, त्यातल्या चुकीसकट! मग दुसऱ्या खेपेला फक्त चूक दुरुस्त करा.

"मामी, चूक समोर दिसत असताना ती जपून ठेवायची? हा काय न्याय?" तो चिडून म्हणाला.

मी त्याला विचारलं, "मी चौथीच्या मुलांना गणित शिकवताना काय सांगते? एका ओळीत एकच पायरी करा. दोन पायऱ्या एकदम केल्यात आणि उत्तर चुकलं, तर चूक कुठल्या पायरीत झाली ते मला कसं कळेल आणि तुम्हाला तरी कसं कळेल?"

तो काही बोलला नाही. पानावर येऊन बसला. जेवता जेवता म्हणाला, "त्यांनी आणखी एक सांगितलंय. आधी चाचणी लिहा म्हणून." चाचणी म्हणजे दोन खोटे खेळाडू उभे करायचे. संगणकच त्यांच्या वतीने पत्ते उलटणार आणि दर वेळी निकाल तोच येतो का ते पाहणार. मांडणी बदलण्याआधी एकदा चाचणी, बदलल्यावर पुन्हा एकदा. दोन्ही निकाल जुळले, की आत काही सांडलवंड झाली नाही असं समजायचं. आपण पाहुण्यांचे चांदीचे पेले देताना मोजतो आणि परत ठेवताना पुन्हा मोजतो, तसंच.

पहिला तुकडा नऊ दिवसांनी स्वीकारला गेला. दुसऱ्यात आणखी दोनदा फेरफार सांगितले, तो दिवाळीच्या तोंडावर मार्गी लागला. बक्षीस नाही, पैसा नाही. कामाच्या नोंदवहीत त्याचं नाव आणि तारीख, एवढंच. राहिलेला विषयही त्याने सोडवला, पण तो अभ्यास करून. खेळ दुरुस्त केल्याने परीक्षेतले गुण वाढतात असं मी तुम्हाला सांगणार नाही.

माझं मात्र एक काम राहिलं होतं. वन्संना फोन करायचं. चार दिवस टाळलं, मग केला. "वन्सं, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तो खेळत नव्हता. न बघताच बोलले मी." मग जमेल तसं सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे याचे पैसे मिळतात?"

"नाही."

"मग रात्री जागून करायचं कशाला?"

म्हटलं, "वन्सं, गौरी-गणपतीच्या आधी तुम्ही देवळातली समया-भांडी घासायला जाता ना? त्याचे कोण पैसे देतं?"

"ते वेगळं," त्या म्हणाल्या. पण आवाज निवळला होता. "जेवतो ना वेळेवर? आणि झोपेचं काय?"

झोपेचं त्यांचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं होतं. काम चांगलं म्हणून जागरण चांगलं होत नाही. तेव्हा आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. कॉलेजच्या दिवशी अकराला दिवा बंद, परीक्षेच्या आधी महिनाभर हे काम नाही, आणि मीही न सांगता वाय-फाय बंद करायचं नाही. तपासणारे एक दिवस थांबले तर काही बिघडत नाही. ते स्वतःही आपापल्या नोकऱ्या सांभाळूनच हे करत असतात.

तुमच्याही घरी असं मूल असेल, तर काही गोष्टी लक्षात ठेवा.

पाठीमागून पाहिलं तर खेळणारा आणि दुरुस्ती करणारा सारखाच दिसतो. ओरडण्याआधी शेजारी बसा आणि विचारा, "काल काय बदललंस ते दाखव." खरंच काम करत असेल, तर दाखवण्यासारखं काहीतरी असतं. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही. टाळाटाळ झाली, तर मग जरूर चौकशी करा.

अशी कामं चालतात त्या 'गिटहब'सारख्या ठिकाणी खातं काढायला किमान १३ वर्षं वय लागतं. तिथली नोंदवही सगळ्या जगाला दिसते आणि एकदा गेलेली नोंद पुसणं कठीण असतं. कामाबरोबर ई-मेलचा पत्ताही जाऊ शकतो. तो लपवण्याची सोय तिथे आहे, ती सुरुवातीलाच लावून घ्यायला सांगा. घरचा पत्ता, फोन नंबर, शाळेचं नाव कुठेही द्यायचं नाही.

मुक्त प्रकल्पात काम करायला पैसे भरावे लागत नाहीत. कुणी नोंदणीची फी मागितली, तर तिथेच थांबा. १३ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी गुगलची 'कोड-इन' नावाची स्पर्धा २०१० पासून २०१९ पर्यंत होत असे, ती आता बंद झाली आहे. तिच्या नावाने कुणी काही विकू लागलं तर फसू नका. १८ वर्षांपुढच्यांसाठी मात्र 'समर ऑफ कोड' हा २००५ पासूनचा उपक्रम चालू आहे, आणि त्यात निवड झालेल्यांना मानधनही मिळतं.

आणि शेरे आले, की मूल हिरमुसतं. अशा वेळी "कशाला नसत्या उठाठेवी करतोस?" असं म्हणू नका. चूक काढणारा आपला वैरी नसतो, हे वीस वर्षांचा मुलगा घरबसल्या शिकत असेल, तर ते शिक्षण काही थोडं नाही.

परवा रात्री पाणी प्यायला उठले, तर साडेदहा वाजले होते आणि खोलीत उजेड होता. आत डोकावून म्हटलं, "काय रे, आज काय?" तो म्हणाला, "पाळी असताना कुणी खेळ सोडून गेलं तर सगळे अडकतात ना, ते बघतोय. बसतेस?" मी खुर्ची ओढली. अकरा वाजायला अजून अर्धा तास होता.